व्यसनोपचारातील रुग्णगोपनीयता

व्यसनोपचारातील रुग्णगोपनीयता म्हणजे दारू, अफूजन्य पदार्थ, कोकेन, गांजा इत्यादींच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीची ओळख, तिच्या आजाराच्या नोंदी आणि उपचारकाळात तिने सांगितलेल्या गोष्टी तिच्या संमतीवाचून इतरांस न कळू देण्याचे बंधन होय. वैद्यकीय गोपनीयतेचाच हा एक प्रकार असला, तरी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यासाठी १९७० च्या दशकापासून स्वतंत्र आणि सर्वसाधारण वैद्यकीय गोपनीयतेहून कडक असा कायदा आहे. त्याखालील नियम संघीय नियमसंहितेच्या ४२ व्या शीर्षकाच्या दुसऱ्या भागात येतात. म्हणून व्यवहारात त्यांना ‘पार्ट टू’ असेच म्हणतात. भारतात असा वेगळा कायदा नाही. येथे हा विषय मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ आणि अमली पदार्थविषयक कायदा यांच्यामध्ये विभागला गेला आहे. या लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील नियमांचा इतिहास आणि स्वरूप दिले असून शेवटी भारतातील स्थितीचा विचार केला आहे.

वेगळ्या गोपनीयतेचे कारण

मधुमेहाच्या रुग्णाने डॉक्टरांना आपला आजार सांगितला, तर तो केवळ आजार सांगतो. हेरॉईनच्या व्यसनात सापडलेला माणूस मात्र आजार सांगताना त्याच वाक्यात गुन्ह्याचीही कबुली देत असतो. पदार्थ कोठून घेतला, पैसे कसे उभे केले, सोबत कोण होते, हे सारे उपचाराच्या दृष्टीने आवश्यक असते आणि पोलिसांच्या दृष्टीने पुरावा असते. शिवाय नोकरी जाण्याचे, घर भाड्याने न मिळण्याचे, घटस्फोटाच्या दाव्यात मुलांचा ताबा गमावण्याचे भय असतेच. उपचार घ्यावेत तर नाव उघड होणार आणि न घ्यावेत तर प्राण जाणार, अशी ही आड आणि विहीर यांच्यामधील स्थिती आहे. त्यामुळे या क्षेत्रात गोपनीयता हा केवळ रुग्णाविषयीचा शिष्टाचार राहत नाही. ती नसेल तर रुग्ण दवाखान्याची पायरीच चढत नाही. अमेरिकी कायदेमंडळाने स्वतंत्र कायदा करताना हीच भूमिका घेतली होती.

न्यूमन खटला

हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो, हे न्यू यॉर्कमधील एका खटल्याने दाखवून दिले. १९६० च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी हेरॉईनच्या व्यसनावर मेथाडोन या औषधाचा उपचार प्रचारात आणला. पुढे न्यू यॉर्क शहराने मोठ्या प्रमाणावर मेथाडोन केंद्रे चालवली. औषध योग्य माणसालाच मिळावे म्हणून या केंद्रांत रुग्णांची छायाचित्रे ठेवली जात.

१९७२ साली मॅनहॅटनमध्ये एक खून झाला. मारेकऱ्याला आपण एका मेथाडोन केंद्रात पाहिले होते, असे एका साक्षीदाराने पोलिसांना सांगितले. त्यावरून त्या केंद्रातील २१ ते ३५ वर्षे वयाच्या सर्व कृष्णवर्णीय पुरुष रुग्णांची छायाचित्रे सादर करावीत, असे समन्स शहराच्या मेथाडोन कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट न्यूमन यांच्यावर बजावण्यात आले. न्यूमन यांनी नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना ३० दिवसांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्यावरील अपिलात राज्याच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने १९७३ मध्ये न्यूमन यांच्या बाजूने निर्णय दिला.

निर्णयाचा आधार तांत्रिक होता. १९७० च्या अमली पदार्थ नियंत्रण कायद्यात संशोधनविषयक कार्यक्रमांना रुग्णांची ओळख लपवण्याची पूर्ण मुभा देण्याची तरतूद होती. १९७२ च्या नव्या कायद्यात मात्र सबळ कारण असल्यास न्यायालयाला माहिती उघड करण्याचा आदेश देता येत होता. नव्या कायद्याने जुनी मुभा रद्द झाली, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. ते न्यायालयाने मान्य केले नाही. खुनाच्या तपासाचे महत्त्व कोणी नाकारले नव्हते. परंतु एका संशयितासाठी केंद्रातील विशिष्ट वयाच्या आणि वर्णाच्या साऱ्या रुग्णांचे चेहरे पोलिसांसमोर मांडले असते, तर त्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी औषध घ्यायला आले असते, हा न्यूमन यांच्या नकारामागचा प्रश्न होता.

कायद्याची घडण

या कायद्याची मुळे दोन आहेत. पहिला कायदा डिसेंबर १९७० मधील दारूविषयक कायदा होय. त्याचा पुरस्कार आयोवा राज्याचे सिनेटर हॅरोल्ड ह्यूज यांनी केला होता. ह्यूज हे स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेले होते आणि ते ही गोष्ट सार्वजनिक व्यासपीठावरून सांगत. आपली कहाणी आपणहून सांगणाऱ्या माणसाने इतरांची कहाणी झाकून ठेवण्याच्या कायद्याला हातभार लावावा, यात विसंगती नाही. कधी, कोणाला आणि किती सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, हाच दोन्हींचा अर्थ आहे. दुसरा कायदा मार्च १९७२ मधील अमली पदार्थविषयक उपचारांचा. व्हिएतनाममधून परतणाऱ्या सैनिकांत हेरॉईनचे व्यसन पसरल्याच्या बातम्यांमुळे त्या वेळी देशात खळबळ उडाली होती आणि अधिकाधिक लोकांना उपचारांकडे वळवणे हे सरकारचे उद्दिष्ट होते.

दोन्ही कायद्यांखालील सविस्तर नियम १९७५ मध्ये तयार झाले व १९८७ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. १९९२ मध्ये दारू आणि अमली पदार्थ यांच्याविषयीच्या तरतुदी एकत्र करण्यात आल्या. १९९६ मध्ये ‘हिपा’ या नावाने परिचित असलेला आरोग्यविषयक कायदा आला व त्याखाली सर्व प्रकारच्या वैद्यकीय माहितीसाठी गोपनीयतेचे नियम झाले. मात्र हिपाच्या नियमांनुसार उपचार, बिलाची वसुली आणि रुग्णालयाचे व्यवस्थापन यांसाठी रुग्णाच्या संमतीशिवाय माहिती देता येते. व्यसनोपचाराच्या नोंदींना ही मोकळीक नव्हती. त्यामुळे एकाच रुग्णाच्या एकाच फाइलमधील काही पानांना एक कायदा आणि काही पानांना दुसरा, अशी अवस्था पुढील दोन दशके राहिली.

नियमांचे स्वरूप

पार्ट टू सर्व डॉक्टरांना लागू होत नाही. व्यसनाचे निदान, उपचार किंवा त्यासाठीची शिफारस करणारे म्हणून जे केंद्र अथवा विभाग ओळखले जातात आणि ज्यांना संघीय सरकारचे साहाय्य आहे, त्यांनाच ते लागू असते. साहाय्याची व्याख्या मात्र व्यापक आहे. सरकारी विमायोजनेतून बिले घेणे, करमाफी मिळणे किंवा व्यसनोपचारात वापरल्या जाणाऱ्या नियंत्रित औषधांसाठी संघीय नोंदणी असणे, एवढेही त्यासाठी पुरते. उलट एखाद्या सामान्य रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात अतिसेवनामुळे आणलेल्या रुग्णाची नोंद सहसा या नियमांखाली येत नाही.

या नियमांचा गाभा ओळखीच्या संरक्षणात आहे. केवळ रोगाचा तपशील नव्हे, तर अमुक माणूस येथे रुग्ण आहे किंवा होता, एवढे सांगणेही निषिद्ध आहे. जेथे फक्त व्यसनावरच उपचार होतात, अशा केंद्रात कोणी दूरध्वनी करून एखाद्या नावाची चौकशी केली, तर ‘आहे’ म्हणता येत नाही. ‘तो रुग्ण आमच्याकडे आहे, पण माहिती देता येणार नाही’ हे उत्तर वरवर सभ्य वाटले तरी त्यात सारे काही सांगून झालेले असते. विचारणाऱ्याला ती गोष्ट आधीच ठाऊक असली, तो पोलीस असला किंवा त्याच्या हाती साधे समन्स असले, तरी बंधन कायम राहते. रुग्णाच्या मृत्यूनंतरही ते संपत नाही. तसेच रुग्णांविरुद्ध पुरावा गोळा करण्यासाठी केंद्रात वेषांतर केलेला पोलीस वा खबऱ्या रुग्ण म्हणून घुसवण्यासही न्यायालयाच्या आदेशावाचून मनाई आहे.

माहिती बाहेर जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे रुग्णाची लेखी संमती. ती मोघम असून चालत नाही. माहिती कोण देणार, कोणाला देणार, कोणती देणार, कशासाठी देणार आणि संमती कधी संपणार, हे तिच्यात नमूद करावे लागते. रुग्ण ती परत घेऊ शकतो. फौजदारी न्यायालयाने तुरुंगवासाऐवजी उपचारांची अट घातलेली असेल, तर मात्र प्रकरण निकालात निघेपर्यंत परत न घेता येणारी संमती घेण्याची मुभा आहे. कारण तेथे आरोपी उपचारांना हजर राहतो की नाही, हे न्यायालयाला कळणे हा त्या सवलतीचाच भाग असतो. अल्पवयीन रुग्णाबाबत त्या त्या राज्याचा कायदा पाहिला जातो. पालकांच्या परवानगीविना उपचार घेण्याचा अधिकार राज्याने मुलाला दिलेला असेल, तर पालकांना माहिती देण्यासाठीही त्या मुलाचीच संमती लागते.

या पद्धतीचे सर्वांत वेगळे वैशिष्ट्य म्हणजे माहितीबरोबर प्रवास करणारे बंधन. संमतीने दिलेल्या कागदासोबत ‘ही माहिती पुढे देण्यास मनाई आहे’ अशी सूचना जोडावी लागते आणि ती स्वीकारणाराही तितकाच बांधला जातो. सर्वसाधारण व्यवहारात एकदा बाहेर पडलेली गोष्ट या कानाची त्या कानाला होत जाते. येथे ती साखळी पहिल्याच कडीपाशी रोखण्याचा प्रयत्न आहे.

अपवाद

अपवाद मोजके पण महत्त्वाचे आहेत. रुग्णाच्या जिवावर बेतले असेल आणि संमती घेणे शक्य नसेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना माहिती देता येते. ती कोणाला, केव्हा आणि का दिली याची नोंद मात्र ठेवावी लागते. बालकाच्या छळाचा संशय आल्यास राज्याच्या कायद्यानुसार प्राथमिक खबर देता येते. रुग्णाने केंद्राच्या आवारात किंवा कर्मचाऱ्याविरुद्ध गुन्हा केला, तर पोलिसांना घटना आणि रुग्णाचे नाव सांगता येते. संशोधन आणि हिशेबतपासणी यांसाठी अटींसह परवानगी आहे. मेथाडोनचे रुग्ण एकाच वेळी दोन केंद्रांतून औषध घेत नाहीत ना, हे पाहण्यासाठी सामाईक नोंदवही ठेवण्याची सोयही आहे, तीही रुग्णाच्या संमतीनेच.

रुग्णावर खटला भरण्यासाठी नोंदी हव्या असतील, तर न्यायालयाला आधी काही गोष्टींची खातरी करून घ्यावी लागते. गुन्हा खून, बलात्कार, अपहरण, सशस्त्र दरोडा यांसारखा अत्यंत गंभीर असावा. नोंदींतून तपासाला खरोखर उपयोगी माहिती मिळण्याची शक्यता असावी. ती अन्य मार्गाने मिळण्यासारखी नसावी. आणि रुग्णाचे व इतरांच्या उपचारांचे होणारे नुकसान लोकहितापेक्षा मोठे नसावे. हा आदेश आणि समन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वकिलाने काढलेल्या समन्सला घाबरून फाइल देणारे केंद्र स्वतःच नियमभंग करते.

भिंतीबाहेरील रुग्ण

हे संरक्षण जेथे पोहोचत नव्हते, तेथे काय घडत होते, हे साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटनच्या प्रकरणावरून दिसते. तेथील सरकारी रुग्णालयात १९८९ पासून काही गर्भवती स्त्रियांच्या लघवीची कोकेनसाठी तपासणी होऊ लागली आणि तिचे निष्कर्ष पोलिसांकडे जाऊ लागले. उपचार घेण्यास भाग पाडणे हा हेतू असल्याचे सांगितले जाई. पण हाती असलेले साधन अटकेचे होते. ३० स्त्रियांना अटक झाली. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रुग्णाच्या संमतीविना, पोलिसांच्या उपयोगासाठी केलेली अशी तपासणी ही राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीने निषिद्ध ठरवलेली झडती आहे, असा निर्णय मार्च २००१ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी झाला. प्रसूतीसाठी आलेली स्त्री रुग्णालयाला दिलेला नमुना तपासणीसाठी देते, फिर्यादीसाठी देत नाही, हे त्यातील सार होते.

माहिती न पोहोचण्याचे धोके

गोपनीयतेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मेथाडोन घेणाऱ्या रुग्णाला अनभिज्ञ डॉक्टरांनी झोपेची किंवा चिंता कमी करणारी काही औषधे दिली, तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे रक्तातील मेथाडोनचे प्रमाण घटते आणि रुग्णाला माघारीची लक्षणे जाणवू लागतात. अफूजन्य पदार्थांचा परिणाम रोखणारे नाल्ट्रेक्सोन चुकून दिले गेले, तर तीच लक्षणे काही मिनिटांत उग्र रूपात उभी राहतात. औषधविक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या राज्यांच्या संगणकीय यंत्रणेत मेथाडोन केंद्रांची माहिती दीर्घकाळ जातच नसे. तेथे पाहून निर्धास्तपणे औषध लिहिणारा डॉक्टर प्रत्यक्षात अपुऱ्या माहितीवर विसंबत असे. २०२० च्या सुधारणेने रुग्णाच्या संमतीने ही माहिती तेथे देण्याची वाट मोकळी झाली.

या संदर्भात मार्च २०१६ मधील एका तरुणीच्या मृत्यूचा उल्लेख नेहमी होतो. मूळची वेस्ट व्हर्जिनियाची ही तरुणी हेरॉईनच्या व्यसनातून सावरत होती. मिशिगनमधील रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना तिने आणि तिच्या आईवडिलांनी ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली होती. तरीही घरी सोडताना तिला ऑक्सिकोडोन या अफूजन्य वेदनाशामकाच्या ५० गोळ्या लिहून देण्यात आल्या आणि लवकरच अतिसेवनाने तिचा मृत्यू झाला. तिच्या नावाने ओळखला जाणारा ‘जेसीचा कायदा’ ऑक्टोबर २०१८ मध्ये एका व्यापक कायद्याचा भाग म्हणून संमत झाला. रुग्णाची इच्छा असल्यास व्यसनाचा पूर्वेतिहास नोंदीत ठळकपणे दिसावा, यासाठी मार्गदर्शक पद्धती ठरवण्याचे काम त्याने आरोग्य खात्यावर सोपवले.

या घटनेचा दाखला गोपनीयतेचे नियम शिथिल करावेत म्हणून दिला जातो, पण तो तंतोतंत लागू पडत नाही. येथे माहिती कोणी लपवली नव्हती. रुग्णाने ती स्वतःच दिली होती. एकाला सांगितलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचले नाही, हा रुग्णालयाच्या अंतर्गत कामकाजातील दोष होता. नियमांमुळे अडलेली माहिती आणि गलथानपणामुळे हरवलेली माहिती यांत फरक न केल्याने या विषयावरील बरीच चर्चा भरकटते.

२०२० नंतरचे बदल

अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू वाढत जाऊन २०२१ मध्ये त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. जुने नियम कायम ठेवावेत, असे रुग्णांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांचे मत होते; रुग्णालये आणि विमा कंपन्या यांना ते हिपाशी जुळवून हवे होते. मार्च २०२० मध्ये कोविड साथीतील आर्थिक साहाय्याच्या कायद्यात एक कलम घालून कायदेमंडळाने तडजोड केली. त्यावर आधारित अंतिम नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या पूर्ततेसाठी १६ फेब्रुवारी २०२६ ही मुदत देण्यात आली.

या तडजोडीने डॉक्टरांकडील दार उघडले आणि न्यायालयाकडील दार अधिक घट्ट केले. रुग्ण आता उपचार, बिले आणि व्यवस्थापन या तिन्ही कारणांसाठी भविष्यकाळासह एकच संमती देऊ शकतो. अशा संमतीने माहिती मिळालेले रुग्णालय ती हिपाच्या नियमांनुसार पुढे देऊ शकते. म्हणजे माहितीबरोबर प्रवास करणारे बंधन वैद्यकीय वर्तुळापुरते बरेच सैल झाले. मात्र त्या माहितीचा उपयोग रुग्णाविरुद्धच्या फौजदारी, दिवाणी, प्रशासकीय किंवा विधिमंडळासमोरील कार्यवाहीत त्याच्या संमतीशिवाय अथवा न्यायालयाच्या विशेष आदेशाशिवाय करता येत नाही. समुपदेशकाने संभाषणाची स्वतंत्रपणे ठेवलेली टिपणे या एकगठ्ठा संमतीत येत नाहीत. त्यांसाठी वेगळी परवानगी लागते.

शिक्षेची तरतूदही बदलली. १९८७ च्या नियमांत पहिल्या भंगासाठी जास्तीत जास्त ५०० डॉलर आणि पुढील प्रत्येक भंगासाठी ५,००० डॉलर दंड होता. आता हिपाखालील दिवाणी आणि फौजदारी दंड लागू होतात आणि माहितीची गळती झाल्यास रुग्णाला कळवणे बंधनकारक आहे. एकच संमती सोयीची खरी; परंतु दाखल होण्याच्या दिवशी, हातपाय थरथरत असताना पुढे केलेल्या कागदावर सही करणारा रुग्ण ‘भविष्यातील सर्व वापर’ या शब्दांचा अर्थ कितपत समजून घेतो, हा आक्षेप शिल्लक राहतो.

नवा धोका वेगळ्याच दिशेने आला आहे. मद्यपानावर ऑनलाइन उपचार देणाऱ्या एका कंपनीने आपल्या ग्राहकांची माहिती जाहिरात कंपन्यांना पुरवल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये कारवाई केली. बाधित ग्राहकांची संख्या ८४,००० पर्यंत असल्याचे आयोगाने म्हटले होते. १९७० च्या दशकातील नियम पोलीस आणि मालक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते. संकेतस्थळावर दडवलेला जाहिरातदाराचा माग त्यांच्या कल्पनेत नव्हता.

स्वमदत गट

१९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या नावातच अनामिकता आहे. सभासद केवळ पहिल्या नावाने ओळखले जातात आणि सभेत ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, असा संकेत आहे. तो पाळलाही जातो, पण तो कायदा नव्हे. उपचार देणारे केंद्र नसल्यामुळे हे गट पार्ट टूच्या कक्षेबाहेर आहेत. न्यू यॉर्क राज्यातील लार्चमाँट येथे १९८८ च्या अखेरीस झालेल्या एका दांपत्याच्या हत्येत आरोपीने गटातील सोबत्यांना सांगितलेल्या गोष्टी पुढे त्याच्याविरुद्ध साक्षीत आल्या. धर्मगुरूपुढील कबुलीसारखे संरक्षण या बोलण्यास मिळायला हवे, असे एका संघीय न्यायाधीशांनी २००१ मध्ये म्हटले. पुढील वर्षी वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. आरोपीने ते बोलणे आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी केले नव्हते, असे त्याचे म्हणणे होते.

भारतातील स्थिती

भारतात एकच सर्वंकष नियम नसल्याने वेगवेगळे धागे जोडून पाहावे लागतात. सर्वांत स्पष्ट तरतूद मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये आहे. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. कलम २३ अशा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. नामनिर्देशित प्रतिनिधी आणि उपचार करणारे इतर व्यावसायिक यांना त्यांच्या कामापुरती माहिती देता येते. दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्याचा संभव, जिवाला धोका, सक्षम प्राधिकरणाचा वा उच्च अथवा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि सार्वजनिक सुरक्षितता हे इतर अपवाद आहेत. यांतील शेवटचा अपवाद फार सैल शब्दांत लिहिला आहे. कलम २४ प्रमाणे रुग्णाचे छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. कलम २५ रुग्णाला स्वतःच्या मूलभूत नोंदी पाहण्याचा अधिकार देते.

न्यायालयातील साक्षीबाबत चित्र वेगळे आहे. भारतीय पुरावा कायद्याने वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला संरक्षण दिले होते; डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील बोलण्याला दिले नव्हते. त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांनी रुग्णाचे गुपित फोडू नये. परंतु न्यायाधीशांचा आदेश किंवा विशिष्ट व्यक्तीला गंभीर धोका असल्यास त्याला अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये एचआयव्हीविषयीच्या एका प्रकरणात वैद्यकीय गोपनीयता निरपवाद नसल्याचे म्हटले होते. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, त्यामुळे या साऱ्या तरतुदींकडे नव्या दृष्टीने पाहावे लागते.

अमली पदार्थांचे सेवन हा भारतात स्वतंत्र गुन्हा आहे. १९८५ च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कोकेन, मॉर्फिन, हेरॉईन यांच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस सरकारी अथवा सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून सूट देते. उपचार अर्धवट सोडल्यास ही सूट काढून घेता येते. यात एक विचित्र पेच आहे. अमेरिकेतील रुग्ण सुरक्षित राहावा म्हणून त्याचे उपचार झाकले जातात; येथे सुरक्षित राहण्यासाठी रुग्णाला आपले उपचार न्यायालयात दाखवावे लागतात.

व्यवहारात भारतीय रुग्णाच्या गोपनीयतेचा प्रश्न पोलिसांपेक्षा घरात आणि कचेरीत अधिक येतो. रुग्ण बहुधा एकटा येत नाही. पत्नी, आई किंवा भाऊ त्याला घेऊन येतो, पैसे भरतो आणि पुढे सांभाळतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत कुटुंबीयांचे समुपदेशन हा उपचारांचाच भाग आहे. अशा वेळी कुटुंबापासून सारे लपवणे शक्य नसते आणि इष्टही नसते. तरीही उपचार कसे चालले आहेत हे पत्नीला सांगणे वेगळे आणि रुग्णाने समुपदेशकाजवळ विश्वासाने उघड केलेली कर्जाची किंवा लैंगिक जीवनाची गोष्ट सांगणे वेगळे. कामगाराला उपचारासाठी पाठवणाऱ्या मालकाबाबतही हीच रेषा आखावी लागते: हजेरी आणि उपचारांची पूर्तता कळवता येईल, तीही संमतीने, गटसभेतील बोलणे नव्हे. अधिनियमाने नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार रुग्णाला दिला आहे, पण त्याने तो वापरला नाही तर ती भूमिका क्रमाने नातेवाइकांकडेच येते.

या भयाचा एकूण परिणाम मोजणे अवघड आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या तरी प्रकारची मदत मिळाली होती. केंद्रांची कमतरता आणि खर्च हीदेखील त्याची कारणे असली, तरी ‘लोक काय म्हणतील’ हे कारण कोणत्याही समुपदेशकाच्या परिचयाचे आहे.

दरम्यान आरोग्याच्या नोंदी संगणकावर एकत्र येऊ लागल्या आहेत. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात रुग्णाच्या संमतीने एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला पाहता येते. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा अधिनियमही संमतीवरच आधारलेला आहे. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वैद्यकीय नोंदींची गणना ‘संवेदनशील’ माहितीत केली होती. नव्या अधिनियमात असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही. त्यामुळे व्यसनोपचाराची नोंद आणि दूरध्वनी क्रमांक हे दोन्ही त्याच्या व्याख्येत सारखेच ‘वैयक्तिक विदा’ ठरतात.